ट्रकचा विमा सक्तीचा, रेच्यावरच्या हाताचा नाही

दिवाळीच्या आगेमागे कापूस निघू लागला की आदिलाबादच्या बाजार समितीकडे गाड्यांची रीघ लागते. शहराला लागून असलेले मावला, समोरून जाणारा नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग आणि आजूबाजूचे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, हा सगळा पट्टा ऑक्टोबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत कापसावर चालतो. कापूस घेऊन येणारा ट्रक विम्याशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४७ नुसार चालकाचा आणि मालवाहू गाडीतून जाणाऱ्या कामगारांचा भरपाईचा हक्कही त्या विम्यात धरावा लागतो. विमा नसेल तर कलम १९६ खाली पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपये दंड किंवा दोन्ही. कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या नावावर जमीन असेल आणि वय ५९ च्या आत असेल, तर तेलंगण सरकारच्या २०१८ पासूनच्या रैतू बीमा योजनेत त्याच्या मृत्यूनंतर घरच्यांना पाच लाख रुपये मिळतात. तोच कापूस जिनिंगच्या आवारात रिकामा होतो, सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यापाशी पोचतो, आणि तिथे त्याला हात लावणाऱ्या बाईचा विमा आहे का, हे मात्र मालकाला विचारण्याचा अधिकार कायद्याने कोणालाच दिलेला नाही.

कामगाराचा विमा न काढणाऱ्या मालकाला शिक्षा काय, हा प्रश्न आपल्याकडे विचारला की उत्तर दोन तुकड्यांत येते. काही कामगारांच्या बाबतीत शिक्षा कडक आहे, अगदी तुरुंगवासाची. बाकीच्यांच्या बाबतीत विमा न काढणे हा गुन्हाच नाही. मावला-आदिलाबादचा जिनिंग कामगार बहुतांशी दुसऱ्या गटात मोडतो. तो तिथे कसा गेला, हे नीट पाहायला हवे.

आधी यंत्राकडे पाहू. डबल रोलर रेच्यात दोन रूळ उलटसुलट फिरतात, त्यांना स्थिर सुऱ्या टेकलेल्या असतात आणि हलती पट्टी वरखाली होत सरकी झटकून खाली पाडते. रुई रुळाला चिकटून पुढे जाते. कापूस ओला असला, त्यात काडीकचरा किंवा बोंडाचे टरफल आले, की तोंडाशी गोळा अडकतो. नियम सांगतो की यंत्र बंद करून गोळा काढावा. पण एका पट्ट्यावर रेच्यांची ओळ चालते, आणि एक रेचा थांबला की मुकादम ओरडतो, कारण गुत्तेदाराला पैसे गाठींच्या हिशेबाने मिळतात. मग हात आत जातो. पुढे प्रेस आहे, जिथे दाबाखाली १७० किलोची गाठ बांधली जाते; तिथे लोखंडी पट्टी सुटते, पाय सापडतो. रुईच्या ढिगाला एका ठिणगीने आग लागते, हे वेगळेच. कारखाना कायद्याला हे सगळे ठाऊक होते. १९४८ च्या त्या कायद्याच्या कलम २७ ने कापूस दाबण्याच्या कारखान्यात, जिथे कापूस पिंजणारे यंत्र चालू आहे तिथे, बायका-मुलांना कामाला लावायला मनाई केली. यंत्राची कापूस घालायची बाजू आणि रुई बाहेर पडायची बाजू यांच्यामध्ये छपरापर्यंत भिंत असेल तरच घालायच्या बाजूला सूट. कापसाच्या यंत्राचा धोका एवढा नेमका ओळखणाऱ्या कायदेमंडळाने त्याच साली दुसऱ्या कायद्यात त्याच कामगाराला विम्याबाहेर ठेवले.

तो दुसरा कायदा म्हणजे राज्य कामगार विमा कायदा, ईएसआय. त्याची मुळे १९४४ च्या अहवालात आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना प्रा. बी. पी. अदारकर यांनी तो सादर केला. १९५२ च्या २४ फेब्रुवारीला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. दहा किंवा अधिक कामगार, दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार, मालकाची वर्गणी ३.२५ टक्के आणि कामगाराची ०.७५ टक्के, हे अलीकडचे स्वरूप. कामावर अपघात झाला तर उपचार, अपंगत्वाचे निवृत्तिवेतन, मृत्यू झाला तर आश्रितांना मजुरीच्या ९० टक्क्यांपर्यंत मासिक रक्कम. इथे मालकाने चुकारपणा केला तर कायदा दात दाखवतो. कामगाराच्या पगारातून वर्गणी कापली आणि भरली नाही तर किमान एक वर्ष आणि कमाल तीन वर्षे कैद, शिवाय दंड. आणि यातले माझ्या मते सर्वांत शहाणपणाचे कलम ६८: मालकाने वर्गणी भरली नसली तरी ईएसआय महामंडळ कामगाराला लाभ देऊ शकते आणि नंतर मालकाकडून वसूल करते. मालकाच्या गुन्ह्याची किंमत कामगाराने मोजायची नाही, हे तत्त्व इथे एका कलमात बसवले आहे.

पण याच कायद्याचे कलम १ सांगत होते की तो हंगामी कारखान्यांना लागू नाही. हंगामी कारखाना म्हणजे काय, याची व्याख्या कलम २ मध्ये होती आणि तिच्यातले पहिलेच नाव ‘कापूस जिनिंग’ हे होते. पाठोपाठ कापूस आणि ताग दाबणे, भुईमूग फोडणे, कॉफी, नीळ, लाख, रबर, साखर, गूळ, चहा. नुसते एवढेच काम करणारा कारखाना ईएसआयच्या बाहेर. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने जुने नऊ कायदे गुंडाळले. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, पण तिच्या पहिल्या अनुसूचीतही दहा कामगारांची अट ‘हंगामी कारखाना वगळून’ अशीच लिहिलेली आहे. जीवघेण्या धंद्यांत एक कामगार असला तरी ईएसआय लावण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे ठेवला आहे. म्हणजे दार अगदीच बंद नाही, ते उघडायला अधिसूचना हवी.

हंगामी कामगाराला वगळण्यामागे हिशेबाची अडचण सांगितली जाते: सहा महिन्यांचे काम, माणसे बदलती, नोंदी ठेवायच्या कशा? आजारपणाच्या लाभासाठी ही अडचण समजण्यासारखी आहे, कारण त्याला ठरावीक दिवसांची वर्गणी लागते. कामावरच्या इजेसाठी मात्र ईएसआयमध्ये किमान वर्गणीची अटच नाही. पहिल्या दिवशी हात गेला तरी लाभ लागू. शिवाय ईएसआयचा एक वर्गणी-काळ ऑक्टोबर ते मार्च असा आहे, कापसाच्या हंगामावर जवळजवळ बेतल्यासारखा. तेव्हा इजेचा विमा हंगामी कामगाराला देता येत नाही हे कारण टिकत नाही.

ईएसआय नाही म्हटल्यावर या कामगारासाठी उरला तो १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा. १ जुलै १९२४ ला तो अमलात आला, तेव्हा केंद्रीय कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडायला ना. म. जोशी होते. २०१० पासून त्याचे नाव कर्मचारी भरपाई कायदा झाले. संहितेने गुंडाळलेल्या नऊ कायद्यांत तोही आहे; पुढे येणारी कलमे त्याच जुन्या कायद्याची. कामगाराची चूक सिद्ध झाली तरी मालक सुटत नाही, ही त्या काळी मोठी झेप होती, आणि तोच त्याचा कणा राहिला. पण या कायद्याने मालकावर भरपाईची जबाबदारी टाकली, विमा घेण्याची नाही. मालक सुबत्तेत असेल, प्रामाणिक असेल, तर पैसे मिळतील. जिनिंग भाड्याने चालवायला घेतलेली असेल, हंगाम संपल्यावर भाडेकरू निघून गेला असेल, तर हातात फक्त हुकूमनामा राहतो. वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे करता येते, पण ज्याच्या नावावर काही नाही त्याच्याकडून तहसीलदार काय वसूल करणार?

रक्कम किती असते ते एका उदाहरणाने पाहू. तीस वर्षांची बाई, महिन्याची मजुरी १२,००० रुपये, रेच्यात पंजा गेला. कायद्याच्या परिशिष्टात तीस वर्षांसाठी गुणक २०७.९८ आहे. मजुरीच्या ६० टक्के म्हणजे ७,२००, त्याला गुणकाने गुणले की १४,९७,४५६. ही संपूर्ण अपंगत्वाची रक्कम. पंजा गेल्यास कमावण्याची शक्ती ६० टक्के घटते असे परिशिष्ट धरते, म्हणून ८,९८,४७४ रुपये. हा आकडा शेवटचा समजायचे कारण नाही. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रताप नारायण सिंग देव खटल्यात हात गमावलेल्या सुताराला शंभर टक्के अपंग धरले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. दोन हातांनी कापूस लावणाऱ्या बाईच्या वतीने हाच मुद्दा मांडता येतो, आणि तो मांडला गेला पाहिजे.

आता दंडाकडे येऊ. कलम ४-अ नुसार भरपाई देय होताच द्यायची. एका महिन्यात दिली नाही तर जुन्या कायद्यात १२ टक्के सरळ व्याज होते. उशिराला समर्थन नसेल तर वर मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड, आणि हे दोन्ही कामगारालाच मिळते. आपल्या उदाहरणात दोन वर्षे टाळाटाळ केली तर व्याज २,१५,६३४, दंड ४,४९,२३७ पर्यंत, आणि मूळ धरून एकूण १५,६३,३४५ रुपये. व्याज कधीपासून मोजायचे यावर मालकांनी बरीच वर्षे वाद घातला. सोलापूर जिल्ह्यातल्या विठ्ठलराव शिंदे सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले की ते अपघाताच्या दिवसापासून, भरपाई आयुक्ताच्या निकालाच्या दिवसापासून नव्हे.

विमा घेतलेल्या मालकानेही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९९७ च्या वेद प्रकाश गर्ग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भरपाई आणि व्याज विमा कंपनीवर टाकले, पण ५० टक्क्यांचा दंड मालकाच्या स्वतःच्या खिशातून जाईल असे सांगितले. पुढे २००६ मध्ये व्याजही पॉलिसीतून वगळण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली. साठ माणसे कामावर आणि पॉलिसीत दहाच, किंवा मजुरी निम्मी दाखवलेली, असा विमा असेल तर कंपनी हात वर करते आणि भार पुन्हा मालकावर येतो. पण कामगाराच्या दृष्टीने हा अर्धा विमा नसल्यासारखाच, कारण भांडण सुरू झाले की तारखा सुरू होतात.

फौजदारी बाजू दुबळी आहे. कलम १८-अ मध्ये दंड होता, पण तो कागदपत्रांच्या कसुरीला: प्राणांतिक अपघाताची सात दिवसांत खबर न देणे, आयुक्ताने मागितलेला तपशील न पाठवणे, कामगाराला त्याचे हक्क न सांगणे. २०१७ पर्यंत हा दंड जास्तीत जास्त ५,००० रुपये होता. त्या वर्षी तो किमान ५०,००० आणि कमाल एक लाख झाला. सुधारणा चांगलीच होती. पण सगळी कलमे चाळली तरी ‘विमा घेतला नाही’ असा गुन्हा सापडत नाही.

मग प्रत्यक्षात काय घडते? अपघात झाला की गुत्तेदार जखमीला दवाखान्यात नेतो, बिल भरतो, आणि चार-सहा दिवसांनी स्टॅम्प पेपर घेऊन येतो. त्यावर लिहिलेले असते की कामगाराने स्वतःच्या निष्काळजीपणाने हात घातला, मालकाची चूक नाही, अमुक हजार रुपये पावले, पुढे कोणतीही तक्रार नाही. गावातली दोन माणसे साक्षीदार. अंगठा. परगावचा, परराज्यातला मजूर असेल तर बसचे भाडेही. ‘आपसात मिटलं’ म्हणतात ते हेच. या कागदाला कायद्यात काडीची किंमत नाही, हे आदिलाबादच्या प्रत्येक जिनिंगच्या फाटकावर लिहून ठेवले पाहिजे. कलम १७ नुसार हक्क सोडून देण्याचा करार रद्दबातल. मृत्यू झाला असेल तर कलम ८ नुसार पैसे आयुक्ताकडेच भरावे लागतात. वारसाच्या हातात परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरलीच जात नाही. आणि कलम २९ त्याहून पुढे जाते: समझोता आयुक्ताकडे नोंदवला नाही तर मालकाला पूर्ण भरपाई द्यावी लागते आणि आधी दिलेल्या रकमेपैकी निम्म्याहून जास्त वजाही करता येत नाही. चोरून मिटवणाऱ्याला बसणारा हा दंडच आहे, पण तो वापरायला कोणीतरी अर्ज करावा लागतो.

‘स्वतःच्या चुकीने हात घातला’ हे वाक्यही फुकाचे आहे. निष्काळजीपणा हा मालकाचा बचाव होऊ शकत नाही. दारूचा अंमल, जाणूनबुजून नियम मोडणे किंवा जाणूनबुजून संरक्षक झाकण काढणे, एवढेच बचाव आहेत, आणि मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल तर तेही चालत नाहीत. ‘माणूस माझा नाही, गुत्तेदाराचा’ हाही बचाव नाही. कलम १२ नुसार मूळ मालक आधी देतो आणि मग गुत्तेदाराकडून वसूल करतो. वर्षाला २० रुपये भरून मिळणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचे पैसे मिळाले म्हणून मालकाची भरपाई एका रुपयानेही कमी होत नाही.

मोठी दुर्घटना झाली की गोष्ट वेगळी असते. ३० जून २०२५ ला तेलंगणातच संगारेड्डी जिल्ह्यातल्या पाशमैलारमच्या सिगाची कारखान्यात स्फोट होऊन चाळीसहून अधिक माणसे गेली. मुख्यमंत्री तिथे गेले आणि मृतांच्या वारसांना एक कोटी रुपयांची भरपाई जाहीर झाली. ते योग्यच होते. पण रेच्यात बोटे जातात ती एकेकट्या कामगाराची. त्याच्यासाठी कोणी येत नाही, आणि त्याला जे मिळायचे ते कायद्याच्या साध्या, रोजच्या अंमलबजावणीतूनच मिळायचे असते.

बाहेरच्या देशांनी हा पेच सोडवायला दोन वाटा काढल्या. ब्रिटनमध्ये १९६९ च्या कायद्याने मालकाला विमा सक्तीचा केला. विमा नसलेल्या प्रत्येक दिवसाला २,५०० पौंडांपर्यंत दंड, आणि प्रमाणपत्र कामगारांना पाहायला मिळेल असे ठेवले नाही तर १,००० पौंड. अपघात व्हायची वाट पाहावी लागत नाही. तपासनीस आला, कागद नाही, दंड. कॅलिफोर्नियात विमा सापडला नाही तर काम जागीच थांबवण्याचा हुकूम निघतो. जर्मनीने १८८४ पासूनच दुसरी वाट धरली: धंद्याधंद्यांच्या मंडळांत मालकांनी वर्गणी भरायची आणि कामगार कायद्यानेच विमाधारक, मालकाने नोंदणी केली असो वा नसो. आपले कलम ६८ याच विचाराचे आहे. म्हणजे आपल्याला हा विचार परका नाही, तो फक्त बारमाही कारखान्याच्या फाटकाबाहेर येत नाही.

सक्तीच्या विम्याचेही आपल्याला वावडे नाही. भोपाळच्या वायू दुर्घटनेनंतर १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याने घातक रसायने हाताळणाऱ्यांना विमा सक्तीचा केला, पण त्यातून कामगार वगळला. कारखान्याबाहेरच्या माणसाला संरक्षण, आतल्याला जुना कायदा. नव्या संहितेच्या कलम ५७ मध्ये ग्रॅच्युइटीच्या रकमेचा विमा मालकाला सक्तीचा आहे. निवृत्तीच्या वेळच्या पैशाला जी खात्री दिली, ती तुटलेल्या हाताच्या पैशाला द्यायचे संहितेने टाळले. मला ही तिची सर्वांत मोठी उणीव वाटते. बाकी तिने काही गोष्टी सुधारल्या. घरून कामावर जाता-येताना झालेला अपघात आता भरपाईत धरला जातो. त्याआधी जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखालीही हेच मानले होते. ते प्रकरण तेव्हाच्या उस्मानाबादकडच्या साखर कारखान्याच्या रखवालदाराचे, पहाटेच्या पाळीला जाताना २००३ साली गेलेल्या माणसाचे. त्याच्या घरच्यांना निकालासाठी बावीस वर्षे थांबावे लागले. ५० टक्क्यांपर्यंतची वाढीव रक्कम संहितेतही आहे. व्याजाचा दर मात्र आता सरकार नियमाने ठरवते. कामाच्या सुरक्षिततेच्या संहितेत नियमभंगाने मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख दंड, आणि त्या दंडातला निम्मा तरी हिस्सा पीडिताला देण्याचा हुकूम न्यायालय करू शकते. पण त्याच संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याची मर्यादा दहावरून वीस कामगारांवर नेली, त्यामुळे छोटी जिनिंग कारखान्याच्या नियमांतून निसटू शकते.

सीमेवरच्या मराठी माणसासाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. हक्कांची माहिती लेखी देण्याचे बंधन २०१७ पासून आहे, पण इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत. आदिलाबादेत ती भाषा तेलुगू. मावल्यात मराठी किंवा गोंडी बोलणाऱ्या कामगाराच्या हाती पडणारा कागद त्याला वाचता येईलच असे नाही, आणि मालकाने मात्र कायदा पाळला असे होते. दुसरी गोष्ट त्याच्या बाजूची आहे: १९९५ च्या दुरुस्तीपासून अर्ज अपघाताच्या ठिकाणीच करावा लागत नाही. किनवटची किंवा पांढरकवड्याची बाई राज्याची सीमा ओलांडून आदिलाबादला कामाला आली आणि जखमी झाली, तर ती आपल्या गावच्या हद्दीतल्या आयुक्ताकडे, मराठीत आपली हकिकत सांगत, दावा लावू शकते. मुदत दोन वर्षांची. दवाखान्याचे कागद, हजेरीची चिठ्ठी, सोबत काम करणाऱ्या दोघींची नावे आणि अपघाताची तारीख एवढे जपून ठेवले तरी दावा उभा राहतो.

तेलंगण सरकारला हे सगळे दिल्लीची वाट न पाहता बरेचसे सावरता येईल. जिनिंगचा परवाना दर हंगामाआधी तपासताना अग्निशमनाचा दाखला मागतात, तसा कामगार भरपाईच्या पॉलिसीचा कागद मागावा आणि त्यातली माणसांची संख्या हजेरीपटाशी जुळवावी. भारतीय कापूस महामंडळ आपला कापूस ज्या जिनिंगकडून पिंजून घेते, त्यांच्या करारात हीच अट घालता येईल, आणि ती मोडली तर त्या हंगामापुरते काम बंद. केंद्राकडे मागणी एकच: संहितेने दिलेला अधिकार वापरून जिनिंग-प्रेसिंग हा धोक्याचा धंदा म्हणून अधिसूचित करावा आणि निदान कामावरच्या इजेपुरता ईएसआय तिथे लावावा. १९४८ च्या व्याख्येतले पहिले नाव वगळण्याच्या यादीतून काढून समावेशाच्या यादीत घालायला पुढच्या ऑक्टोबरची गाडी बाजारात येण्याआधी पुरेसा वेळ आहे.